आधी खालचा माणूस, मग मशीन

पत्र थोडक्यात: हे वाचक ३४ वर्षांचे. मूळचे कोकणातले, वडील पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे. पुण्यात एका ठेकेदाराकडे अकरा वर्षं झाडं छाटायच्या कामावर आहेत, चढणारा माणूस म्हणून. गेल्या मे महिन्यात बरोबरचा जोडीदार रेन ट्रीवरून पडला. जाड फांदी कापताना मध्येच फाटली, उलटी आली आणि त्याला घेऊन खाली गेली. मणक्याला मार बसला, तो अजून नीट चालत नाही. ठेकेदारानं वीस हजार हातात ठेवले आणि विषय संपवला. तेव्हापासून बायकोनं 'हे काम सोडा' असा धोशा लावलाय. तिच्या भावानं चौदा हजारांची वॉचमनची नोकरी बघून ठेवली आहे. यांच्या मनात मात्र तीन लाखांचं कर्ज काढून स्वतःचं मशीन (पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत) आणि जुना टेम्पो घ्यायचा आहे. दोन-तीन सोसायट्या थेट काम द्यायला तयार आहेत, १९ वर्षांचा पुतण्या हाताखाली यायला तयार आहे. ते लिहितात, "वडील दिवसाला तीस-चाळीस माड चढायचे, पायात दोराचा फास, बाकी काही नाही. कधी पडले नाहीत. मला पट्टा लावला की हात बांधल्यासारखं होतं. जोडीदार पडला, त्याचं नशीब. ताई, मशीन घेऊ की नोकरी धरू?"

तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे, पण मी अडकले ती त्याच्या आधीच्या ओळीत. 'त्याचं नशीब.' महापालिकेच्या उद्यान विभागात मी आयुष्यभर नोकरी केली. झाडावरून माणूस पडला की पंचनाम्याच्या जागी पहिलं वाक्य हेच ऐकू यायचं. गंमत म्हणजे ते म्हणणाऱ्यांत ठेकेदाराचा आवाज सगळ्यात मोठा असायचा. नशीब म्हटलं की पुढे कुणाला काही विचारायचं राहत नाही.

जोडीदाराच्या बाबतीत काय झालं ते तुम्हीच लिहिलं आहे: फांदी फाटली आणि उलटी आली. म्हणजे काप फक्त वरून चालला होता. आडवी वाढलेली रेन ट्रीची फांदी, सगळं वजन टोकाला. वरून निम्मी कापून झाली की उरलेलं लाकूड ते वजन पेलत नाही. ते रेषेत उभं चिरत जातं, खोडाची साल सोलत खाली येतं आणि तुटलेला भाग झोके खातो. हे टाळायची रीत तुमच्या ठेकेदारालाही ठाऊक असणार, वेळ वाचवायला कुणी करत नाही एवढंच. खोडापासून हातभर अंतर सोडून आधी खालून खाप घ्यायची, पाव ते तिसरा हिस्सा जाडीची. मग त्याच्या जरा पुढे, टोकाच्या बाजूला, वरून कापायचं. फांदी चिरत आली तरी त्या खालच्या खापेपाशी थांबते आणि मोकळी पडते. राहिलेला खुंट तिसऱ्या कापात काढायचा. तोही खोडाशी सपाट नाही. फांदी खोडाला मिळते तिथे सुरकुतलेली, फुगीर वळी असते, ती शाबूत ठेवून तिच्या बाहेरून.

ती वळी शाबूत का ठेवायची? अमेरिकी वनखात्यातले अलेक्स शायगो यांनी मशीननं हजारो खोडं चिरून आत कूज कशी पसरते ते पाहिलं. माणसाची जखम भरते तशी झाडाची भरत नाही. झाड कुजक्या भागाभोवती भिंती घालून तो कोंडून टाकतं, आणि फांदीच्या बाजूची ही भिंत त्या वळीतूनच उभी राहते. वळी कापली की भिंतच गेली. वरून डांबर फासलं, रंग लावला, तरी कूज थांबत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी डांबराचा आग्रह धरतील. धरू देत.

आता वडिलांबद्दल. त्यांच्या हाताला मी नावं ठेवत नाही. कोकणात पाडेली माडावर चढताना मी तासन् तास पाहिलेत, ते बघण्यासारखंच असतं. पण माड म्हणजे एक सरळ खांब. त्याला फांद्या नाहीत, मध्येच फाटून उलटं येणारं काही नाही. झाप कापला की सरळ खाली. हातात कोयता, आणि कोयता हात चालेल तेवढाच चालतो. तुमच्या हातात मात्र पेट्रोलवर फिरणारी साखळी आहे. ती ताणलेल्या दोराला नुसती लागली तरी दोर गेला, 'अरे' म्हणायलाही वेळ मिळत नाही. पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा एखाद्या फांदीला टेकला तर मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. माडावर शिकलेलं धैर्य इथे अर्ध्याच कामाचं आहे.

आणि वडील पडले नाहीत हे खरं असलं तरी गावात किती पडले ते एकदा घरी विचारा. नारळ विकास मंडळानं २०११ पासून माडावर चढणाऱ्यांना यंत्रानं चढायचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली आणि त्यांच्यासाठी वेगळा अपघात विमा ठेवला. केंद्र सरकारच्या मंडळाला ही गरज का वाटली असेल?

पट्ट्याचं तुमचं म्हणणं मात्र मला पटतं. फक्त तुम्ही ज्याला पट्टा म्हणता तो कुठला? माझा अंदाज आहे की ठेकेदार देतो तो: कमरेला एक पट्टा, मागे एक हूक, इमारत रंगवणाऱ्यांकडून आलेला. त्यात हात बांधल्यासारखं होणारच. शिवाय त्यात पडलात तर सगळा झटका कमरेत आणि पोटात, माणूस मधून दुमडतो. झाडावर काम करणाऱ्यांचा हार्नेस निराळा असतो. मांड्यांभोवती आणि कमरेभोवती रुंद पट्टे, समोर किंवा दोन्ही बाजूंना कड्या. त्यात माणूस दोरावर बसतो, पायानं फांदीला नुसता टेकू देतो, आणि दोन्ही हात मोकळे राहतात. दोन्ही हात मोकळे म्हणजे मशीन दोन्ही हातांनी धरता येतं. एका हातानं फांदी धरून दुसऱ्या हातानं मशीन चालवायची सवय असेल, तर कर्ज, नोकरी, सगळं बाजूला ठेवून आधी ती मोडा.

मशीन चालवताना बांधणी दोन ठिकाणी हवी. एक मुख्य दोर, वरच्या भक्कम बेचक्यातून आलेला. दुसरी आखूड दोरी खोडाभोवती, आत पोलादी तार असलेली, म्हणजे साखळी लागली तरी क्षणात तुटत नाही. हार्नेस घेताना आयएस ३५२१ आणि हेल्मेट घेताना आयएस २९२५ हे भारतीय मानकांचे आकडे छापलेले आहेत का बघा. ३५२१ हा पडताना झेलणाऱ्या हार्नेसचा क्रमांक आहे. बसून काम करायचा हार्नेस वेगळा मागावा लागतो, दुकानदार दोन्हीला 'सेफ्टी बेल्ट'च म्हणतो.

दोराबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण अर्धी माणसं इथेच फसतात. बाजारात मिळणारा निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर फांदी बांधून खाली सोडायला चालेल एखादवेळ, माणूस टांगायला नाही. उन्हात राहिला की तो भुसभुशीत होतो. हातातून ओढून बघा, तळव्यावर बारीक कुसळं सुटतात. ती दिसली की तो दोर संपला. माणसासाठीचा दोर आत गाभा आणि बाहेर विणलेलं आवरण असा असतो. प्रत्येक चढाईआधी तो टोकापासून टोकापर्यंत बोटांतून सोडायचा, डोळे मिटून सोडलात तर आणखी बरं. आवरण शाबूत दिसतं, पण कुठेतरी बोटाला एकदम मऊ लागतं, किंवा गाठोडं आल्यासारखं फुगतं. तिथे आतला गाभा तुटलेला असतो. कुठे चकचकीत, कडक पट्टा लागला तर तिथे घर्षणानं दोर वितळला आहे. असा दोर कापून टाकायचा. ठेवला की घाईच्या दिवशी कुणीतरी वापरतोच.

शिकायचं कुठे? झाडांवरच्या दोरकामाचे नियमित वर्ग आपल्याकडे सहज सापडत नाहीत. पण पुण्यात बसून दोर शिकायला मिळत नाही असं म्हणणाऱ्याला सह्याद्री दिसला नाही. गिर्यारोहण संस्था दोराचे वर्ग घेतात. प्रुसिकची गाठ तिथे पहिल्याच दिवशी शिकवतात. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानं १९३१ साली ती लोकांपुढे आणली आणि आज झाडांवर चढणारेही तिच्या भाऊबंदांवरच लटकतात. वजन टाकलं की आवळते, सैल सोडलं की सरकते. तुमच्यासारखा माणूस चार रविवारांत हे उचलेल. त्यांना फक्त सांगा की आपल्या हातात मशीन असतं. त्यांच्या कड्यावर ते नसतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या पत्रात मशीन आहे, टेम्पो आहे, सोसायट्या आहेत. पुतण्याचा उल्लेख मात्र एका ओळीत, 'हाताखाली' म्हणून. ब्रिटनमध्ये झाडावर चढायच्या कामाला नियम आहे: जागेवर किमान दोन माणसं, आणि खाली उभा असलेल्याला वर चढून दुसऱ्याला उतरवता आलंच पाहिजे. फांद्या गोळा करणं हे त्याचं दुसरं काम. पहिलं काम तुम्ही. समजा फांदीचा फटका बसून तुम्ही बेशुद्ध झालात आणि हार्नेसमध्ये लटकत राहिलात. पडला नाहीत म्हणजे वाचलात असं नाही. निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साठत जातं आणि काही मिनिटांतच जिवावर बेतू शकतं. अग्निशमन दलाची शिडी येईपर्यंत पुतण्या खाली उभं राहून काय करणार? हाका मारणार?

म्हणून पुतण्याला आधी चढायला नाही, उतरवायला शिकवा. दहा फुटांवरच्या फांदीवर हार्नेस घालून वाळूचं पोतं टांगा आणि त्याला ते खाली आणू द्या, दुसऱ्या दोरानं, घाई न करता. मग पोत्याच्या जागी तुम्ही. त्याला जमलं नाही तोवर तुमची पहिली सोसायटी ठरलेली नाही असं समजा. आणि एक शब्द ठरवा. कापायच्या आधी तुम्ही वरून 'सोडू?' विचारायचं, त्यानं रस्ता, गाड्या, पोरं बघून 'सोड' म्हणायचं. उत्तर आलं नाही तर मशीन चालवायचं नाही. फोनवर बोलत खाली उभा राहणारा माणूस चालणार नाही, मग तो पुतण्या असला तरी.

पैशाकडे येऊ. तीन लाखांतला मोठा वाटा टेम्पोचा असणार. पहिल्या वर्षी तो भाड्यानं घ्या. फांद्या न्यायला आठवड्यातून दोनदा गाडी लागते, हप्ता मात्र दर महिन्याला लागतो. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, तारण लागत नाही. तेवढ्यात आधी दोर, दोघांना हार्नेस, हेल्मेट आणि ओढून कापायची चांगली वाकडी करवत. मशीन नंतर. वर गेल्यावर मनगटाएवढ्या फांद्यांना करवतच बरी पडते, आणि तुमचं निम्मं काम तेवढ्याच फांद्यांचं असतं. (पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. न्हावी आहे, हार गुंफणारे आहेत, होडी बांधणारेही आहेत. झाडावर चढणारा नाही. तिथे हेलपाटे घालू नका.)

याच्याही आधी, म्हणजे हे वाचून झाल्या झाल्या, बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा, पुतण्याचाही. वर्षाला २० रुपये खात्यातून जातात. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, अंशतः कायमचं अपंगत्व आलं तर १ लाख. इस्पितळाचं बिल त्यातून भागत नाही, त्यासाठी वेगळा विमा लागेल आणि तो खर्च तुमच्या दरात धरावा लागेल.

दराचं एक दुखणं आहे, ते तुम्हाला माहीतच आहे: 'लाकूड तुम्ही न्या, मजुरी नको.' सोसायट्यांना हा सौदा फुकटचा वाटतो. ज्याची मजुरी लाकडात आहे तो दोन फांद्यांच्या जागी पाच कापणार आणि पाचही बुंध्याकडच्या, कारण वखारीत वजन त्यांचंच होतं. मग झाडाचा नुसता खांब उरतो. दोन वर्षांत त्यावर कोंबांचा झाडू फुटतो, ते कोंब वरवर चिकटलेले असतात आणि वाऱ्यात पहिले तेच मोडतात. मजुरी वेगळी आणि लाकडाचा हिशेब वेगळा, असं पहिल्या दिवसापासून लिहून द्या. कुठली फांदी कापायची त्याचा फोटो काढा, त्यावर खूण करा, सेक्रेटरीला पाठवा. काही सोसायट्या यावरून तुम्हाला नाही म्हणतील. त्यांचं काम दुसऱ्या कुणाला तरी जाऊ दे.

परवानगीचंही तसंच. शहरातल्या झाडांना १९७५ चा वृक्ष संरक्षण आणि जतन कायदा लागू आहे, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडणं हा गुन्हा आहे, आणि बेसुमार छाटून झाडाला इजा केली तर तीही त्यातच धरली जाते. ५० वर्षांवरच्या झाडांना २०२१ पासून हेरिटेज झाडाचा दर्जा आहे. 'परवानगी आहे हो' हे तोंडी ऐकून चढू नका, कागद फोनमध्ये घ्या, झाडांची संख्या आणि जात मोजून घ्या. मी एका पंचनाम्याला गेले होते, तीन उभे गुलमोहर आडवे. सेक्रेटरी बाहेरगावी, अध्यक्षांना काही कल्पना नाही, आणि कोयता हातात घेतलेला एक पोरगा तेवढा जागेवर. नाव त्याचंच लिहिलं गेलं.

तारेजवळची फांदी असेल तर महावितरणकडून लाईन बंद करून घेतल्याशिवाय हात लावू नका. ओली फांदी आणि ओला दोर, दोन्हीतून वीज येते. चढण्याआधी झाडाला एक फेरी मारा: ढोली, बुंध्याशी अळंब्या, सिमेंटनं गळा आवळलेला बुंधा, वर आग्या मोहोळ. आणि घरटी. आपल्याकडे छाटणीचा हंगाम पावसाआधीचा, बऱ्याच पक्ष्यांची घरटीही तेव्हाचीच, आणि अंडी-पिल्लांसकट घरटं पाडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. सोसायटीला म्हणावं, दिवाळीनंतर बोलवा. तेव्हा दरही नीट बोलता येतो, कारण घाई नसते.

मग मशीन की नोकरी? वॉचमनच्या नोकरीत कमीपणा काही नाही, पण तुमच्या पत्रात त्या नोकरीबद्दल एकही वाक्य तुमचं स्वतःचं नाही. सगळं 'ती म्हणते'. तिला तुम्ही झाडावर चढता याची भीती आहे, की पडलात तर घर कुणी चालवायचं याची? अकरा वर्षं तुम्ही चढताच आहात. ती बोलायला लागली वीस हजारांनंतर. तिला हे पत्र वाचायला द्या आणि विमा, पुतण्या, दोन बांधण्या हे सगळं झालं तर काय वाटतं ते विचारा. उत्तर 'तरीही नको' असेल तर तेही ऐका.

माझं मत विचाराल तर या महिन्यात दोन्ही नको. पावसाळ्यात शिका, दिवाळीनंतर लहान दोन कामं घ्या, जमिनीवरूनच बऱ्याच फांद्या निघतील अशी. तोवर पोतं खाली उतरवणारा माणूस तयार झाला नसेल, तर चौदा हजारांची नोकरी धरा. मशीन कितीही चांगलं मिळालं तरी.

आणि जोडीदाराचं. कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई मालकानं द्यायची, हा नियम आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून आहे, आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. रोजंदारीवरच्या माणसालाही तो लागू होतो, आणि काम ज्यांच्यासाठी चाललं होतं त्या मूळ मालकालाही काही वेळा जबाबदार धरता येतं. दाव्याला अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते. म्हणजे ती अजून गेलेली नाही. वीस हजार घेताना कुठे सही-अंगठा घेतला असेल तरी घाबरू नका, तो कागद वकिलाला दाखवा. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असतं, तिथे अपंगत्व आलेल्या माणसाला वकील मोफत मिळतो. येत्या रविवारी त्याच्या घरी जा. इस्पितळाचे कागद, एमएलसीची (इस्पितळानं पोलिसांना कळवलेल्या केसची) नोंद, मुकादमाच्या हजेरी वहीचा फोटो मिळाला तर तो, ठेकेदारानं फोनवर पाठवलेले पगाराचे पैसे, त्या दिवशीचे जागेवरचे फोटो, सगळं एका पिशवीत जमा करा. त्या झाडाखाली त्या दिवशी कोण कोण होतं त्यांची नावं लिहून काढा. पहिलं नाव तुमचं लिहा.